रताळ्याचे मुख आणि वाऱ्याचे हात

(सिनेगॉगच्या सभागृहात ज्येष्ठांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



सूचनाफलकावर ‘रताळी’ हा शब्द वाचून आज येथे काही खावयास मिळेल, अशा अपेक्षेने कोणी आले असल्यास त्यांची थोडी निराशा होईल. रताळे सोलून, त्यावर मुख कोरून, ते वाळवून व रंगवून टिकाऊ वस्तू कशी घडवावी, हा माझा आजचा विषय आहे. मात्र कोरताना निघालेल्या गराचे काय करावे हेही मी सांगणार आहे. म्हणून पाककृतीची आशा अगदीच सोडू नये.

प्रथम या कंदाच्या नावाविषयी दोन शब्द. आपल्यापैकी जे भारतातून येथे आले, त्यांच्यातील कित्येकांनी पहिल्या दिवसांत शूकमध्ये जाऊन ‘बटाटा’ मागितला असेल आणि पिशवीत रताळी घेऊन ते घरी परतले असतील. हिब्रूत ‘बटाटा’ म्हणजे रताळे. आपला बटाटा येथे ‘तापुआख अदमा’, अर्थात जमिनीतील सफरचंद. हा घोटाळा दुकानदाराचा नव्हे आणि आपलाही नव्हे. ‘बटाटा’ हा मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांचा आणि तो रताळ्याचाच वाचक होता. कोलंबसाच्या सफरीनंतर रताळे स्पेनमध्ये पोहोचले; आपण ज्याला बटाटा म्हणतो तो कंद दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातून सुमारे 1570च्या सुमारास मागाहून आला आणि थोरल्याचे नाव धाकट्यास चिकटले. पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या किनाऱ्यावर आणला, मराठीने तो बटाट्यास दिला. म्हणजे हिब्रूने जुना अर्थ राखला आणि मराठीने नवा. वास्तविक ही दोन झाडे एकमेकांची जवळची नातलगही नाहीत. बटाटा वांग्याच्या कुळातील, तर रताळे गारवेलीच्या कुळातील. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड, तर रताळे हे फुगलेले मूळ.

अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूच्या मंडळींना रताळ्याची आणखी एक ओळख असेल. थंडीत शेताच्या बांधावर वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, अंडी, बटाटे आणि रताळी मडक्यात भरून, ते मडके उपडे ठेवून भोवती जाळ करीत, ती पोपटी. त्या मडक्यातील रताळे इतके गोड का होते, याचे कारण आपल्या आजच्या कलेशीही निगडित आहे. त्याकडे मी पुढे येईन.

भाजीपाला वा फळे कोरण्याची कला जगात नवी नाही. मेक्सिकोतील ओआहाका शहरात दरवर्षी 23 डिसेंबरला मुळ्यांवर कोरीवकाम करण्याची स्पर्धा भरते. ती 1897पासून चालू आहे. परंतु ते मुळे काही तासांतच मलूल होतात. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करीत. तेही थोड्या दिवसांचे सोबती. याउलट उत्तर अमेरिकेत सफरचंद सोलून, त्यावर नाक-डोळे कोरून ते वाळवीत आणि त्या सुरकुतलेल्या मुखाची बाहुली करीत. रताळ्याची कला या सफरचंदाच्या बाहुलीची बहीण होय. मात्र सफरचंद वाळून चामड्यासारखे मऊ राहते, तर रताळे वाळून लाकडासारखे कठीण होते. त्यास कानस लावता येते, त्यावर रंग बसतो आणि कोरड्या जागी ते वर्षानुवर्षे टिकते.

माझे आयुष्य सुतारकामात गेले. पटाशी, रंधा आणि कानस यांच्या सहवासात जो शिस्तीचा पहिला धडा मी शिकलो तो असा, की लाकूड आधी पक्के वाळवावे आणि मग त्यास हत्यार लावावे. ओल्या सागवानाचे दार करणारा सुतार पुढील उन्हाळ्यात गिऱ्हाइकास तोंड दाखवू शकत नाही. रताळ्याच्या कामात हा क्रम सर्वस्वी उलटा आहे. येथे ओले असताना कोरावयाचे आणि मग वाळू द्यावयाचे. याचा अर्थ, आपण जे कोरतो ते अंतिम रूप नसते. आपण केवळ आरंभ करून देतो. उरलेले काम वारा आणि दिवस करतात. या कलेचे सारे मर्म एवढ्यात आहे, आणि आपल्या वयाच्या माणसांना ती विशेष साजते असे मला वाटते, तेही याच कारणाने.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

रताळे निवडताना ते घट्ट, ताजे आणि वीतभराहून लहान असावे. त्यास भेग, मऊ डाग वा कीड नसावी. घरी आणल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवू नये. रताळे उष्ण प्रदेशाचे अपत्य आहे. दहा-बारा अंशांखालच्या थंडीत त्याचा गाभा बिघडतो आणि कोरताना आत काळसर, कठीण चरे लागतात. येथे सर्वत्र मिळणारे नारिंगी गराचे रताळे कोरण्यास मऊ असते, परंतु त्यात पाण्याचा अंश सुमारे 77 टक्के असतो. भारतात आपण खात होतो तसे पांढऱ्या गराचे मिळाल्यास उत्तम. त्यात पाणी कमी असल्याने ते कमी आटते.

कोरण्यापूर्वी हातांना व सुरीला तेलाचा बोट लावावा. रताळे कापताच त्यातून पांढरा चीक निघतो. तो बोटांना चिकटतो आणि काळा पडतो. तेल लावलेले असल्यास तो सहज निघतो. सालकाढणीने साल काढावी आणि कंद ओल्या, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा, म्हणजे तो घसरत नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी सुरीचा आग्रह धरू नये. जुन्या, धार गेलेल्या चमच्याच्या कडेने डोळ्यांच्या खोबणी उत्तम निघतात, दातकोरणीने सुरकुत्या रेखाटता येतात. आपल्यापैकी अनेकजण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेतात. त्यांना लहान जखमही महागात पडते. त्यांनी दुसऱ्या हातात जाड मोजा घालावा आणि सुरी नेहमी अंगापासून दूर चालवावी.

मुख कोरताना डोळ्यांची रेषा मस्तकाच्या मध्यावर घ्यावी. नवशिका ती नेहमी वर घेतो आणि कपाळ नाहीसे होते. नाक उठून दिसावे म्हणून दोन्ही बाजूंचा गर उतरता काढावा. प्रत्येक अवयव हवा त्याहून दीडपट मोठा व खोल कोरावा, कारण वाळताना सारे आटते. उथळ कोरलेले ओठ पाच आठवड्यांनी दिसतच नाहीत. कान मात्र जाड ठेवावे. पातळ भाग आधी वाळतो, वळतो आणि हात लागताच तुटतो. शेवटी मागील बाजूने चमच्याने गर काढून मस्तक पोकळ करावे. भिंत सुमारे दोन सेंटिमीटर जाडीची राहावी. हे केले नाही, तर बाहेरून वाळलेले रताळे आतून कुजते.

काढलेला गर स्वच्छ भांड्यात जमा करावा. तोच किसून, तुपावर जिरे-मिरचीची फोडणी देऊन, वर खोबरे घालून कीस करावा. वचन दिल्याप्रमाणे पाककृती संपली.

कोरलेले मस्तक लगेच लिंबाच्या पाण्यात बुडवावे. एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस आणि चमचाभर मीठ घालून त्यात वीस मिनिटे ठेवले, म्हणजे गर फारसा काळा पडत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी मीठ कमी घ्यावे. मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि वाळण्यास उशीर होतो.

यानंतर वाऱ्याचे काम सुरू होते. मस्तकातून बांबूची काडी आरपार घालून किंवा तार ओवून ते सावलीत, वारा खेळतो अशा जागी टांगावे. दोन मस्तके एकमेकांस टेकू देऊ नयेत. येथे आपण कोठे राहतो याला महत्त्व आहे. अश्दोदसारख्या किनाऱ्यावरील शहरात उन्हाळ्याची हवा दमट. तेथे पहिल्या तीन दिवसांत बुरशी धरण्याचे भय असते, म्हणून पंख्याखाली टांगावे. दिमोना वा बेअर शेवा येथे हवा कोरडी. तेथे संकट नेमके उलटे आहे. कडक उन्हात टांगले, तर वरचा थर झटकन वाळून कवचासारखा घट्ट होतो, आतले पाणी कोंडते आणि मग भेगा पडतात. म्हणून नेगेवच्या मंडळींनीही सावलीच धरावी, आणि रात्री दव पडते तेव्हा मस्तके आत घ्यावीत.

घाई करणाऱ्यांच्या मनात ओव्हन येतो. येथे पोपटीच्या मडक्याची आठवण ठेवावी. रताळे साठ-सत्तर अंशांपर्यंत तापले, की त्यातील पिष्ट फुलते आणि त्याची साखर होऊ लागते. पोपटीतील रताळे मंद आचेवर गोड होते ते यामुळे. खाण्यास ती मोठी गोष्ट, पण आपल्या कामाचा त्याने नाश होतो, कारण मस्तक मऊ व चिकट होऊन बसते. यंत्राचा उपयोग करावयाचाच असेल, तर उष्णता 50 ते 55 अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

साधारण आठवड्याने रताळे रबरासारखे चिवट होते. ही वेळ दवडू नये. या अवस्थेत बोटांनी दाबून नाक थोडे वळविता येते, भुवई उचलता येते, खोबणीत डोळ्यांचे मणी बसविता येतात. त्यानंतर मात्र हात आखडता घ्यावा. तीन ते सहा आठवड्यांत ते पक्के वाळते. वाळले हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातील वजनकाटा. कोरल्यावर 300 ग्रॅम असलेले मस्तक अखेर 75 ग्रॅमच्या आसपास येते. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच राहिले, की समजावे, आता त्यात जाण्यासारखे पाणी उरले नाही. नखाने टिचकी मारावी. लाकडासारखा आवाज येतो.

रंगविण्यापूर्वी मस्तक पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवावे, म्हणजे त्यात दडलेले किड्यांचे अंडे नष्ट होते. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ते खोलीच्या उष्णतेस येऊ द्यावे. मग पॉलिश-पेपरने, आधी खरखरीत आणि मग बारीक, हलका हात फिरवावा. पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक पातळ हात अस्तर म्हणून द्यावा आणि वर हवा तो वर्ण. अस्तर न देता नुसते वॉर्निश लावले, तर नारिंगी गराचा मूळ रंग प्रकाशात फिका होत जातो. शेवटी गडद तपकिरी रंग पाण्यात पातळ करून सर्वत्र फासावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. तो सुरकुत्यांत तेवढा राहतो आणि मुख जिवंत होते. नारळाच्या शेंडीच्या मिशा, कापसाचे केस, जुन्या लुगड्याच्या काठाचे पागोटे, हे ज्याच्या त्याच्या हौसेवर. अखेरचा वॉर्निशचा हात आतल्या पोकळीसही द्यावा, नाहीतर ओल तेथून शिरते.

आता दोन आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे. ते या सभागृहात उपस्थित होणे स्वाभाविक आहे आणि त्यांना उत्तर दिल्याविना मी हा छंद आपणास सुचवू शकत नाही.

पहिला आक्षेप मूर्तीचा. मानवी मुख कोरणे आपणास योग्य आहे काय? शुल्हान आरूखच्या योरे देआ या भागातील 141व्या प्रकरणात मानवी आकृती उठावाने घडविण्यास मनाई सांगितली आहे. त्याच प्रकरणात असेही मत नोंदविले आहे, की ही मनाई सर्व अवयवांसह पूर्ण असलेल्या आकृतीपुरती असून केवळ मस्तकास ती लागू नाही. आणि रब्बी मोशे इस्सरलेस, म्हणजेच रमा, यांनी प्रघात याप्रमाणेच असल्याचे तेथे लिहिले आहे. म्हणून मी मस्तकापुढे जात नाही. त्यास धड, हात, पाय जोडीत नाही. तरीही ज्याच्या मनास शंका वाटेल त्याने आपल्या रब्बींना विचारावे आणि तोवर पक्षी, मासे, डाळिंबे कोरावीत. त्यात आनंद कमी नाही.

दुसरा आक्षेप अन्नाचा. वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडे तोडू नयेत, या तोरातील आज्ञेवरून आपल्या पूर्वजांनी ‘बल तश्खीथ’ हा व्यापक नियम घेतला. रांबाम यांनी त्यात अन्नाची नासाडीही धरली आहे. ज्या घरांत आपण वाढलो तेथे भाकरीचा तुकडाही कोणी पायदळी पडू देत नसे. म्हणून माझा आग्रह असा, की बाजारात ज्यास गिऱ्हाईक नाही असे वेडेवाकडे, लहान वा विचित्र आकाराचे रताळे घ्यावे. कोरणाऱ्यास तेच अधिक उपयोगी. एखाद्या कंदाच्या टेंगळातच नाक आयते मिळते. निघालेला गर खाल्ला जावा. शेतकऱ्याकडून थेट माल आणल्यास तेरूमोथ आणि माअसरोथ यांची व्यवस्था आधी करावी. अशा रीतीने घेतलेले रताळे वाया जाते असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता हा छंद आपल्या मेळाव्याने हाती का घ्यावा, ते सांगतो. आपली नातवंडे हिब्रूत विचार करतात. ती आपल्यावर प्रेम करतात, शब्बाथला जेवावयास येतात, परंतु मराठीत एक वाक्य बोलून झाले, की दोन्हीकडे शब्द संपतात. ‘मराठी शीक’ असे सांगून कोणी मराठी शिकत नाही. कामात मात्र शब्द आपोआप येतात. ‘साल काढ’, ‘हळू, चीक लागेल’, ‘आणखी खोल कोर’, ‘देठ राहू दे’. गेल्या वर्षी आमच्या घरी चार मुलांनी हे शब्द कोणी न शिकविता उचलले, कारण त्या शब्दांवाचून त्यांचे काम अडत होते. ‘चीक’ या शब्दाला हिब्रूत काय म्हणतात हे त्यांनी मला विचारलेदेखील नाही.

आणि मग मुखे वाळली. मुले नेहमी हसरी, गुळगुळीत, तरुण मुखे कोरतात. पाच आठवड्यांनी त्यांच्या हाती येतो तो गाल बसलेला, कपाळ आक्रसलेला म्हातारा. एका मुलाने कोरलेले मस्तक पाहून त्याची आजी म्हणाली, “अगं बाई, हे तर आमच्या पेणच्या मामांसारखे दिसते!” मुलाने विचारले, मामा कोण? त्यावर तिने घाणा म्हणजे काय, बैल गोल का फिरतो, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना गावकरी ‘शनवार तेली’ का म्हणत, हे अर्धे मराठीत, अर्धे हिब्रूत सांगितले. त्या मुलाला हे सांगण्याचा प्रसंग यापूर्वी अकरा वर्षांत आला नव्हता. रताळ्याने तो आणला. सर्वांत लहान मुलांना मुख जमत नाही. त्यांना मी होडी करावयास देतो. रताळे दोन्ही टोकांना निमुळते असते, उभे अर्धे केले की होडीच ती. चमच्याने पोकळ करावयाची एवढेच. ती वाळताना तिचे काठ वर वळतात आणि ती अधिकच होडीसारखी दिसू लागते. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची कथा सांगण्यास याहून चांगले निमित्त मला ठाऊक नाही.

वडीलधाऱ्यांसाठीही यात काही आहे. घडाळ्याकडे पाहत बसणाऱ्या माणसाला रोज सकाळी उठून पाहावे असे काहीतरी हवे असते. टांगलेले मस्तक रोज थोडे निराळे दिसते. काल उजवा डोळा मिटला होता, आज तो किंचित उघडला. आपण शुक्रवारी संध्याकाळी हत्यार खाली ठेवतो, वारा मात्र शब्बाथलाही ते काम चालू ठेवतो आणि त्याचा दोष आपणास लागत नाही.

कालगणनाही आपल्या सोयीची आहे. रताळ्याचे नवे पीक उन्हाळ्याच्या अखेरीस बाजारात येऊ लागते. एलूल महिन्याच्या पहिल्या दिवशी कोरलेल्या मस्तकास सुक्कोथपर्यंत सुमारे सहा आठवडे मिळतात. नेमके तेवढेच ते मागते. या वर्षी सिनेगॉगच्या सुक्कात दुकानातून आणलेल्या चकाकत्या माळांच्या जोडीने मुलांच्या आणि आजीआजोबांच्या हातची डाळिंबे, पक्षी आणि होड्या टांगलेल्या असाव्यात, असा माझा प्रस्ताव आहे. तिश्रीचा पहिला पाऊस आलाच तर त्या आत घ्याव्यात, म्हणजे भिजणार नाहीत.

कार्यकारी मंडळाने अनुमती दिल्यास एलूलच्या पहिल्या आठवड्यातील मेळाव्यात आपण आरंभ करू. टेबलांवर टॉवेल, तेल आणि लिंबे मी ठेवीन. आपण प्रत्येकाने एक वाकडे रताळे, एक जुना चमचा आणि जमल्यास एक नातवंड घेऊन यावे.